मालनकाकीचा भोंगा

घाटकोपरच्या पंतनगरातल्या त्या तीन मजली इमारतीत मालनचं नाक ही एके काळी सगळ्यांच्या मालकीची वस्तू होती. कुणाचं दूध नासायच्या बेतात आहे, कुणाच्या लोणच्याला बुरशी धरतेय, दारावर आलेली सुरमई आजची की परवाची, हे ती उंबऱ्यात उभी राहून सांगायची. कोळीण पाटी उतरवायची ती आधी पलीकडच्या जिन्यापाशी. मालन आत गेल्याची खात्री झाली की मग अलीकडच्या जिन्याकडे वळायची. खालच्या मजल्यावरची शकु, मालनची जुनी मैत्रीण, सुके बोंबील घ्यायला जाताना तिला हटकून बरोबर न्यायची आणि दुकानदाराला बजावायची, "हिच्यासमोर खोटा बोला नको हां. हिचा नाक सरकारी आसा."

मालनला स्वतःला त्या नाकाचा उपयोग निराळाच होता. देवगडकडच्या तिच्या माहेरी बायका रांधताना चव घेत नसत. नैवेद्याआधी जीभ लावली तर अन्न उष्टं झालं, आणि पुरुषांच्या पानाआधी लावली तर बाई खादाड ठरली. तेव्हा मीठ उणं की अधिक, आमटी शिजली की कच्ची, हा सगळा कारभार वासावर. सासू गेली, गिरणीच्या संपानंतर घरी बसलेला नवरा सहदेवही खंगून गेला. चव घेऊ नकोस म्हणणारं कुणी उरलं नाही, तरी मालनच्या हाताचं वळण सुटलं नाही. झाकण उचलायचं, वाफ नाकाशी घ्यायची, आणि मिठाची चिमूट टाकायची नाहीतर हात आखडायचा. माणसं पानावरून उठताना बोटं चाटत उठायची.

मुलगा जयवंत साकीनाक्याच्या एका छोट्या कारखान्यात चिकटला होता म्हणून घर उभं राहिलं. तिथं व्होल्टेजचे स्टॅबिलायझर जोडायचे, दिवे गेले की आपोआप पेटणाऱ्या बत्त्या बनवायचे. पोरगा गुणी, पण भिडस्त. कुणाला नाही म्हणायची वेळ आली की तो हो म्हणून मोकळा व्हायचा. भीड भिकेची बहीण, असं मालन त्याला लहानपणापासून ऐकवत आली होती. ते ऐकणार नाही म्हणायचीही त्याला भीड, म्हणून तो मुकाट ऐकून घ्यायचा.

त्याची बायको क्षमा मुलुंडची, पिढीजात कचेरीत जाणाऱ्यांच्या घरातली. ती विम्याच्या कचेरीत होती. बोलायला स्पष्ट, कामाला चोख, आणि सासूशी वागायला ना गोड ना कडू. शुभी झाल्यावर क्षमाची रजा संपली तशी मालननंच सांगून टाकलं, "तू जा गो कामाक. पोरीक मी बघतंय." आणि खरंच बघितलं. स्वयंपाक तिचा, नात तिची, दिवसभराचं घर तिचं. विधवा बाईला याहून मोठं राज्य कुठलं मिळायला बसलंय?

शुभी रांगायला लागली त्या थंडीत मालनला ताप आला. साधा ताप, डोकं जड, नाक चोंदलेलं. चार काढे झाले, ताप उतरला, नाक मोकळं झालं. मालन उठली, तेलात लसूण टाकली, आणि वाट बघत राहिली. लसूण लाल झाली, मग काळी झाली, आणि वास काही आला नाही. तिनं हिंगाची डबी उघडून नाकाला लावली. मग सुक्या जवळ्याचा डबा. मग रॉकेलची बाटली. सगळी एकजात पाण्यासारखी.

येईल हळूहळू, असं तिनं स्वतःला समजावलं. होळी झाली, पाडवा झाला, वास आला नाही. आणि तिनं ते कुणाला सांगितलं नाही. का नाही सांगितलं, याचं उत्तर सोपं आहे. चुलीपाशी निकामी झालेल्या म्हातारीचं घरात काय होतं ते तिनं गावाकडे पाहिलं होतं. पडवीत एक खाट, वेळेवर ताट, आणि कुणी विचारायला येत नाही. तिला पडवीत जायचं नव्हतं, इतकंच. मग ती चोरून चव घेऊ लागली. दार लोटून, पदराआड वाटी धरून, जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या स्वयंपाकाला जीभ लावताना तिला पाप केल्यासारखं वाटायचं. आणि वास गेला की जिभेवरची निम्मी चवही जाते, हेही तेव्हाच कळलं. आमटी खारट होऊ लागली. जयवंत पाणी पिऊन जेवायचा आणि छान झालीय म्हणायचा.

हे लपवणं एका दुपारी उघडं पडलं. मालननं दूध तापत ठेवलं आणि शुभी रडली म्हणून बाहेरच्या खोलीत जाऊन तिला मांडीवर घेतलं. पोरीला थोपटता थोपटता तिचाही डोळा लागला. दूध उतू गेलं, बर्नर विझला, आणि गॅस आपला येत राहिला. त्या दिवशी क्षमाचं डोकं दुखत होतं म्हणून ती लवकर घरी आली. तिला वास जिन्यातच आला. ती धावत वर आली, दार उघडून आधी शुभीला उचलून गॅलरीत नेलं, मग सिलिंडर बंद केला, खिडक्या उघडल्या. सासू डोळे चोळत बघत राहिली.

"आई, एवढा वास! जिन्यात येतोय. तुम्हाला कसा आला नाही?"

मालनला खोटं सुचलं नाही. "माका वास येणा नाय," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"थंडीपासून."

क्षमा ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती शुभीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, आणि मग म्हणाली, "आणि तुम्ही तिला घेऊन रोज गॅससमोर उभ्या राहता." चूक मालनचीच होती आणि ती तिला नखशिखांत कळली होती.

दुसऱ्या दिवसापासून क्षमा निघताना सिलिंडर बंद करून जायची. मालनचं दुपारचं जेवण डब्यात झाकून ठेवलेलं असायचं, शुभीचं दूध थर्मासमध्ये. मालननं ओट्याला हात लावायचा नाही. तिला गावी दिराकडे ठेवावं का, अशीही कुजबुज झाली. पातळ भिंतींच्या घरात कुजबुज म्हणजे दवंडीच. मालन डब्यातलं जेवायची, डबा घासून पालथा घालायची आणि बसून राहायची. पडवी अशी चालत चालत मुंबईत आली होती.

यातून वाट काढली ती जयवंतच्या कारखान्यानं. त्याच सुमारास, म्हणजे सत्याऐंशी साली, तिथं एक नवीन यंत्र जोडायला घेतलं होतं. पावाच्या लादीएवढी पेटी, पुढं बारीक जाळी, एक हिरवा दिवा, आणि आत भोंगा. वास ओळखणारा भाग बाहेरदेशातून यायचा, बाकी सगळं साकीनाक्याचं. हवेत गॅस मिसळला की पेटी केकाटायची. जयवंतनं मालकाकडून एक मागून आणली. कसं काय मागू शकला देव जाणे, पण आईसाठी मागितली.

मालन म्हणाली, देवाच्या फळीशेजारी लाव, मोलाची वस्तू आहे, पोरीचा हातही पोचणार नाही. जयवंतनं समजावलं, की गॅस हवेपेक्षा जड असतो, तो आधी जमिनीवर पसरतो, पेटी खालीच हवी. त्यानं ती सिलिंडरजवळ, जमिनीपासून वीतभर उंचीवर ठोकली आणि स्पिरिटची छोटी बाटली आईच्या हातात दिली. कापसाच्या बोळ्यावर दोन थेंब घेऊन जाळीपुढे धरायचे. पेटी ओरडली म्हणजे ठीक आहे. मालननं धरले. पेटी अशी काही किंचाळली की शुभीनं भोकाड पसरलं आणि शकु खालून धावत वर आली. मालनच्या डोळ्यांना पाणी आलं. तिला कुणीतरी नवं नाक आणून दिलं होतं.

"ही आहे तोवर माझी हरकत नाही," क्षमा म्हणाली, आणि मालनला तिची शेगडी परत मिळाली. ही आहे तोवर. ते शब्द मालननं पदरात गाठ मारून ठेवावेत तसे ठेवले.

त्या पेटीची तिनं जी बडदास्त ठेवली, तशी सहदेवचीही ठेवली नसेल. रोज सकाळी मऊ फडक्यानं पुसायची. दसऱ्याला हळदकुंकू वाहणार होती, पण जाळी बुजेल म्हणून जयवंतनं अडवलं, तेव्हा नुसतं फूल ठेवून हात जोडले. सोमवारी सकाळी स्पिरिटची परीक्षा चुकायची नाही. पण पेटीचं नाक मालनच्या जुन्या नाकाइतकं शहाणं नव्हतं. तिला गॅस आणि धूप यांतला फरक कळायचा नाही. तिन्हीसांजेला नारळाच्या शेंडीच्या निखाऱ्यावर धूप घालून घरभर फिरवायचा, ही मालनच्या सासरची रीत. लग्न होऊन आली तेव्हापासून एक संध्याकाळ ती चुकली नव्हती. धुपाटणं घेऊन स्वयंपाकघरात शिरली की पेटी बोंब ठोकायची. कापूर लावला, बोंब. मिरचीची खमंग फोडणी दिली, बोंब. इमारतीतल्या पोरांनी तिला भोंगा हे नाव दिलं, आणि मालनकाकीचा भोंगा झाला का, मग दुपार झाली, अशी चेष्टा जिन्याजिन्यात चालायची. गणपतीत आरती रंगात आलेली, टाळ्या, झांजा, आणि खालून पेटीनं आपला सूर लावला. सगळे हसून लोटपोट. जयवंतनं आरतीपुरता प्लग काढला, आणि प्रसादाचा हात धुवायच्या आधी मालननं तो परत खोचला.

शेवटी धूप की भोंगा असा प्रश्न आला, तेव्हा मालननं धुपाटणं घासूनपुसून माळ्यावर टाकलं. देवाला म्हणाली, बाबा, समजून घे. देवानं समजून घेतलं असावं. शेजाऱ्यानं मात्र घेतलं नाही.

शेजारी म्हणजे नंदकिशोर, छापखान्यात मशीन चालवणारा. त्याची कायमची रातपाळी, म्हणजे दिवस हीच त्याची रात्र. त्याचं अंथरूण आणि मालनचं स्वयंपाकघर यांत एकच भिंत. "काकी, माझी पार वाट लागली हो तुमच्या भोंग्यानं," तो दारात येऊन म्हणायचा. "डोळा लागतो ना लागतो तोच केकाटतो. मशीनमध्ये हात जाईल माझा एक दिवस." माणूस वाईट नव्हता. त्याचे डोळे खरंच तांबारलेले असायचे. मालन त्याला कपभर चहा द्यायची आणि फोडणी मंद करीन म्हणून सांगायची. जयवंतला तो जिन्यात गाठायचा, आणि तिथं काय बोलणं व्हायचं ते जयवंत घरी सांगायचा नाही.

दिवाळी उलटली आणि क्षमानं शुभीला स्टेशनजवळच्या पाळणाघरात घातलं. चार मुलांत राहिली तर लवकर बोलेल, म्हणाली. तसं खरंही असेल. मालननं पोरीची पिशवी भरून दिली आणि दिवसभर रिकाम्या पाळण्याकडे बघत बसली. शकु वर येऊन म्हणाली, "तेलय गेला, तूपय गेला." पुढचं धुपाटणं तिनं गिळलं, कारण ते माळ्यावर गेल्याचं तिला ठाऊक होतं.

तरी मालन मोडली नाही. तिनं स्वतःची एक समजूत घालून घेतली होती. पोरीला नेलं, पण पेटी तर कुणी काढून नेली नाही. सिलिंडरही कुणी बंद करून जात नाही. म्हणजे ही पेटी काही एकट्या शुभीसाठी आणलेली नव्हती. या घरात आपल्या जिवाचीही कुणाला तरी काळजी आहे. त्या हिरव्या दिव्याकडे बघितलं की तिला हे पुन्हा पुन्हा पटायचं. दुपारी एकटीनं जेवताना ती पाट मुद्दाम त्याच्यासमोर मांडायची.

जयवंतनं स्पिरिटची बाटली मात्र काढून घेतली. सारखं स्पिरिट लावलं तर आतला भाग खराब होतो, म्हणाला. शनिवारी संध्याकाळी घरी आला की तोच स्क्रू-ड्रायव्हर घेऊन पेटीपुढे मांडी घालून बसायचा, झाकण उघडून काहीतरी करायचा, आणि सोमवारी निघण्याआधी पुन्हा एकदा बघून जायचा. मालनला त्याचं कोण कौतुक! "माझो झील दर शनिवारी माझा यंत्र साफ करता," ती शकुला सांगायची. रविवारी बोंबील तळले की भोंगा व्हायचा. इतर दिवशी व्हायचा नाही. आपल्याला आता मंद फोडणीची सवय झाली, असं तिनं धरून ठेवलं. नंदकिशोरही जिन्यात हसून बोलू लागला.

माघातला एक बुधवार. सकाळी गॅसवाल्यानं नवा सिलिंडर आणला, घाईघाईनं रेग्युलेटर बसवला आणि पुढच्या दारी गेला. आतलं रबरी वायसर चिरलेलं होतं. त्याला दिसलं नाही, आणि मालनला वासावरून कळणार नव्हतं. भात जुन्या सिलिंडरवर आधीच झाला होता, म्हणून शेगडी न पेटवता ती संध्याकाळचे तांदूळ निवडत हिरव्या दिव्यासमोर बसली. थोड्या वेळानं डोकं गरगरायला लागलं. उपाशी आहे म्हणून असेल, असं तिला वाटलं.

शकु वालाच्या शेंगा द्यायला वर आली आणि उंबऱ्यातच थबकली. "मालन! गॅस केवढो सुटलोहा! ऊठ, आधी भायर ये!"

"कायतरीच. भोंगो झालो असतो."

"भोंगो खड्ड्यात गेलो! ऊठ म्हणतंय ना!" शकुनं तिला दंडाला धरून ओढत गॅलरीत आणलं. मग पदर नाकाला लावून आत गेली, रेग्युलेटर काढला, सिलिंडर गॅलरीत आणला, खिडक्या सताड उघडल्या. मग मालनपाशी आली. "आता तू शेगडी पेटवली असतीस तर गो?" ती म्हणाली आणि तिथंच खाली बसली.

शकु गेल्यावर मालननं जयवंतच्या कपाटातून स्पिरिटची बाटली काढली. बोळा भिजवला, जाळीपुढे धरला. काही नाही. आणखी भिजवला, जाळीला टेकवला. हिरवा दिवा शांतपणे जळत होता. त्याच्याखाली पेटी गप्प होती.

आपण मरत होतो, याचं तिला फारसं काही वाटलं नाही. तिला धडकी भरली ती वेगळ्याच गोष्टीची. पेटी बिघडली. ही आहे तोवर, असं क्षमा म्हणाली होती. आता सांगितलं तर शेगडी जाणार, डबा येणार, कदाचित गावाकडची गाडीही येणार. न सांगता दडपून टाकावं, असंही मनात येऊन गेलं. एकदा दडपलंच होतं की. पण रविवारी शुभी दिवसभर घरात असते, हे आठवलं आणि तिनं मन घट्ट केलं. जायची तर जाऊ दे शेगडी.

संध्याकाळी दोघं आली. शुभी पाळणाघरातून येतानाच कडेवर झोपली होती, तिला क्षमानं आत निजवलं. मालननं चहा दिला नाही, शेगडीला हातच लावला नव्हता. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. वायसर, शकु, गॅलरीतला सिलिंडर. "यंत्र बिघडला रे," ती म्हणाली. "तू शनिवारी बघितलंस तेव्हा बरा होता काय? रविवारच्या आत नीट कर. पोरगी असता घरात."

जयवंत बसला होता तो उठला, आणि परत बसला.

"बिघडलं नाही, आई."

"मगे?"

"भोंग्याची वायर मी काढून ठेवतो." त्यानं मान खाली घातली. "नंदकिशोर रोज जिन्यात धरायचा. झोप नाही, कामात चुका होतात, नोकरी जाईल म्हणायचा. हात जोडले गं त्यानं. काय सांगणार त्याला? मग शनिवारी संध्याकाळी जोडतो आणि सोमवारी सकाळी काढतो."

क्षमाच्या हातातली पिशवी तशीच राहिली. तिला हे ठाऊक नव्हतं, ते तिच्या चेहऱ्यावर उघड दिसत होतं. "जयवंत, तू काय बोलतोयस तुला कळतंय का?"

"अगं, शुभी दिवसभर घरात असते तेव्हा चालूच असतं ना!" तो काकुळतीला आला होता. "एक रविवार चुकवला नाही मी. सुट्टीचा एक दिवस नाही. बाकीचे दिवस संध्याकाळी आपण असतोच, आणि दुपारी काय, आई एकटीच तर असते."

बोलून झाल्यावर ते त्याला ऐकू आलं. क्षमानं तोंड दुसरीकडे वळवलं. भिंतीपलीकडे नंदकिशोर पाळीवर जायची तयारी करत होता, त्याच्या बादलीचा आवाज येत होता.

मालननं एवढंच विचारलं, "मगे तो दिवो कित्याक पेटत ठेवलंस?"

"तुला बरं वाटावं म्हणून," जयवंत म्हणाला.

तो खोटं बोलत नव्हता. हेच तर वाईट होतं. खोटं बोलला असता तर तिला रागावता आलं असतं, बोटं मोडता आली असती. त्यानं खरंच आईला बरं वाटावं म्हणून दिवा ठेवला होता, शेजाऱ्याला झोप यावी म्हणून भोंगा काढला होता, आणि लेकीला जपावं म्हणून तो दर शनिवारी जोडला होता. सगळ्यांचं सगळं त्यानं सांभाळलं होतं. त्यात मालनचा जीव तेवढा हिशेबात धरायचा राहून गेला. मुद्दाम नव्हे, नुसता राहून गेला. मालनच्या काळजात काहीतरी कायमचं थंड पडलं.

जयवंतनं रडत रडत तेव्हाच वायर जोडली. बोळा धरला, पेटी किंचाळली, शुभी दचकून उठली. भोंगा ऐकून नंदकिशोर दारात डोकावला आणि तिघांचे चेहरे बघून जिना उतरला. पुढं क्षमानं त्याला तोंडावर सांगून टाकलं, की झोप यायची नसेल तर कानात कापूस घाला, आमचा भोंगा बंद होणार नाही. ती रोज सकाळी निघण्याआधी स्वतः स्पिरिट लावून पेटी तपासू लागली. गॅसवाल्याला उभं करून वायसर बघून घेऊ लागली. सुनेनं करायचं ते सगळं केलं, त्याहून जास्तही केलं.

पण मालननं त्यानंतर एकटी असताना शेगडी पेटवली नाही. कुणी मनाई केली नव्हती, उलट जयवंत रोज विनवायचा. "आई, आता सगळे दिवस चालू असतं. तूच बघ ना लावून." ती म्हणायची, "असांदे." ज्या ओट्यासाठी तिनं चोरून चव घेतली, धूप सोडला, भोंग्याची चेष्टा सोसली, तो ओटा तिनं आपण होऊन सोडला. जयवंतला वाटायचं आईला गॅसची भीती बसली. त्याला तसं वाटू देणंच तिला सोपं गेलं.

शकुला मात्र राहवलं नाही. एका दुपारी ती वर आली तर मालन पेटीकडे पाठ करून बसलेली. "आता कसला भय गो तुका?" शकु म्हणाली. "यंत्र चालू आसा, मी खाली आसंय. भातापुरती तरी लाव शेगडी."

"गॅसाचा भय नाय गो माका," मालन म्हणाली. "तो हिरवो दिवो बघवणा नाय."

मालननं सकाळची भाकरी थंड दुधात कुस्करली, मीठ आहे की नाही ते न बघता खाल्ली, आणि ताट घासून पालथं घातलं.